कमी पैशांत खून आणि प्रेम: जुना दुय्यम चित्रपट कसा घडत असे

उत्तर दिल्लीच्या रिजवर आज जिथे हिंदुराव रुग्णालय आहे, तिथे विल्यम फ्रेझर या बड्या इंग्रज अधिकाऱ्याचा बंगला होता. २२ मार्च १८३५ च्या संध्याकाळी घोड्यावरून घरी परतताना फ्रेझरला गोळी घालण्यात आली. तपासात करीम खान सापडला आणि त्याच्यामागे फिरोजपूर झिरक्याचे नवाब शम्सुद्दीन अहमद खान. वारशाच्या जहागिरीवरून नवाबाचं आणि फ्रेझरचं बिनसलं होतं. त्याच वर्षी दोघेही फासावर गेले. नवाबाची सहचरी वजीर खानम आणि चार वर्षांचा मुलगा मागे राहिले. तो मुलगा म्हणजे पुढचे मोठे उर्दू शायर दाग देहलवी. बंगला नंतर हिंदुराव घाटगे यांनी विकत घेतला. ते ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू, मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले. त्या मराठी सरदाराचं नाव टेकडीला कायमचं चिकटलं.

खून, तपास, इस्टेटीचा तंटा, प्रेम आणि फाशी. १९३०-४० च्या दशकातल्या एखाद्या छोट्या निर्मात्याच्या हाती ही गोष्ट पडली असती, तर त्याने ती साठ-सत्तर मिनिटांत आणि अगदी मोजक्या पैशांत पडद्यावर आणली असती. हॉलिवूडमध्ये असे गुन्हा आणि प्रेम एकत्र गुंफलेले स्वस्त चित्रपट शेकड्यांनी निघाले. आपल्याकडे मुंबईत त्यांचा जवळचा नातेवाईक म्हणजे स्टंटपट, आणि त्यातलं सगळ्यात मोठं मराठी नाव म्हणजे मास्टर भगवान, आपले भगवानदादा.

हे चित्रपट कसे घडत, ते आपण टप्प्याटप्प्याने पाहू. प्रत्येक टप्प्यावर फ्रेझरची गोष्ट उदाहरणाला घेऊ. चित्रपटाच्या तंत्राची आधी काही माहिती असायला हवी असं नाही. एवढंच लक्षात ठेवा की पैशाची चणचण पडद्यावर आपल्या खुणा सोडते, आणि त्या खुणा ओळखता आल्या की या चित्रपटांमागची कारागिरी दिसू लागते.

पहिला टप्पा: पैशाचं गणित

अमेरिकेत १९३० च्या मंदीत प्रेक्षक रोडावले, तेव्हा थिएटरवाल्यांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली. मोठ्या नटांचा तो मुख्य चित्रपट. त्याच्या जोडीला दाखवायचा तो दुय्यम, म्हणजेच बी-पिक्चर.

मुख्य चित्रपटाला तिकीटविक्रीतला हिस्सा मिळे. दुय्यम चित्रपटाला मिळे ते ठरावीक ठोक भाडं. थिएटर ओसंडून वाहिलं तरी भाडं तेवढंच. म्हणजे चित्रपट जास्तीत जास्त किती कमावणार, हे निर्मात्याला आधीच ठाऊक असे. नफा हवा तर खर्च त्या आकड्याच्या आत ठेवणं एवढाच मार्ग उरत असे.

अशा छोट्या कंपन्या हॉलिवूडच्या गोवर स्ट्रीटच्या आसपास दाटीवाटीने होत्या. त्या वस्तीला ‘पॉव्हर्टी रो’, म्हणजे गरिबांची ओळ, असं नाव पडलं. मोनोग्राम, मॅजेस्टिक, चेस्टरफील्ड, पीआरसी या तिथल्या काही कंपन्या. कोलंबियाची सुरुवातही इथलीच. १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ने पाच मुख्य ऑस्कर जिंकले आणि ती कंपनी या ओळीतून कायमची वर आली.

मुंबईत जोडचित्रपटांची पद्धत नव्हती, पण बांधलेलं गणित होतं. गिरणी कामगाराचा मुलगा असलेल्या भगवान आभाजी पालव यांनी १९३८ च्या ‘बहादुर किसान’पासून पुढची दहा-अकरा वर्षं कामगार वस्तीतल्या प्रेक्षकासाठी स्वस्त स्टंटपट काढले. ते सुमारे ६५ हजार रुपयांत आख्खा चित्रपट उभा करत, असं सांगितलं जातं.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे ‘दुय्यम’चा अर्थ ‘फसलेला’ असा घेणं. दुय्यम हे त्या चित्रपटाचं बाजारातलं स्थान होतं. त्याच्या दर्जाविषयी त्यातून काहीच कळत नाही.

दुसरा टप्पा: गोष्ट बसवणं

साठ-सत्तर मिनिटांत पाच-सहा पात्रांपलीकडे जाता येत नाही. म्हणून गोष्टीतला एकच धागा धरायचा. फ्रेझरच्या गोष्टीत जहागिरीचा इतिहास, कंपनी सरकारचं राजकारण, दिल्ली दरबार हे सगळं कापलं जाईल. उरतील नवाब, वजीर खानम, करीम खान, फ्रेझर आणि तपास करणारा एक अधिकारी. सुरुवात बहुधा फाशीच्या आदल्या रात्रीपासून होईल, आणि मागचं सगळं आठवणींतून, म्हणजे फ्लॅशबॅकने, उलगडेल.

फ्लॅशबॅक स्वस्त पडतो. मधली वर्षं, प्रवास, ओळखीपाळखी दाखवायची गरजच राहत नाही. मॅजेस्टिक कंपनीचा १९३३ चा ‘द सिन ऑफ नोरा मोरान’ पाहा. फाशीची शिक्षा झालेली एक तरुणी आपल्या प्रियकराचं नाव वाचवण्यासाठी गप्प राहते, आणि तिची कहाणी आठवणीच्या पोटात आठवण अशी उलगडत जाते. चित्रपट जेमतेम ६५ मिनिटांचा. चणचणीतून निघालेली ही रचना आजही नवी वाटते.

पुढची अडचण सेन्सॉरची. हॉलिवूडने १९३० मध्ये स्वतःसाठी एक आचारसंहिता केली आणि १९३४ पासून ती कडकपणे राबवली. गुन्हेगार सुटता कामा नये, गुन्ह्याची रीत तपशिलात दाखवू नये, विवाहबाह्य प्रेमाचं कौतुक नको, असे तिचे दंडक होते. म्हणून या चित्रपटांतल्या गुन्हेगार प्रेमिकांचा शेवट मृत्यूत किंवा तुरुंगात ठरलेला असे. शेवट काय हे प्रेक्षकाला ठाऊक असल्याने लेखकाला सारा जोर ‘ते तिथवर कसे पोचले’ यावर लावावा लागे.

आपल्याकडे १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानंतर मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे सेन्सॉर मंडळं बसली. इंग्रज अधिकाऱ्याच्या खुनाची गोष्ट त्या चाळणीतून सुटणं जवळपास अशक्यच. म्हणून आपल्या निर्मात्यांनी काल्पनिक संस्थानांचा आसरा घेतला. जी. पी. पवार यांनी पुण्यात काढलेला १९३१ चा मूकपट ‘दिलेर जिगर’ याचा चांगला नमुना आहे. कारस्थान, तलवारबाजी, प्रेम सगळं आहे, पण राज्य कुठलं ते विचारायचं नाही. येवल्याच्या ललिता पवार यांचं तरुणपणीचं धाडसी काम त्यात पाहायला मिळतं. फ्रेझरही आपल्या चित्रपटात ‘परदेशी सेनापती’ वगैरे होऊनच आला असता.

तिसरा टप्पा: जागा आणि सेट

नवा सेट उभारणं परवडत नाही, म्हणून उभा असलेला सेट भाड्याने घ्यायचा. चेस्टरफील्डसारख्या कंपन्या युनिव्हर्सलच्या आवारात मोठ्या चित्रपटांचे सेट भाड्याने वापरत. त्यामुळे गरीब चित्रपटात कधीकधी नायिकेच्या खोलीला न शोभणारा भव्य जिना दिसतो. तो जिना दुसऱ्याच चित्रपटाचा असतो.

सेटच नसेल तर तो लपवायचा. पीआरसीच्या १९४५ च्या ‘डीटूर’मध्ये दिग्दर्शक एडगर उल्मर यांना न्यूयॉर्कचा रस्ता हवा होता. त्यांनी स्टुडिओत दाट धुकं सोडलं. नायक आणि त्याची प्रेयसी त्या धुक्यातून चालत राहतात, मधूनच रस्त्याच्या नावाची पाटी आणि दिव्याचा खांब दिसतो, बस्स. इमारत एकही नाही. पण ती त्याला सोडून लांब जाणार आहे हे आपल्याला तिथेच कळतं, आणि धुकं त्या दोघांच्या भवितव्यासारखं वाटू लागतं. पैसे असते तर तिथे रस्ता दिसला असता आणि हा परिणाम हातचा गेला असता.

भगवानदादांच्या चित्रपटांत तर कलाकारांचे कपडे ठरवण्यापासून जेवणाच्या व्यवस्थेपर्यंत सगळं ते स्वतः बघत. पुढे १९४७ मध्ये त्यांनी चेंबूरला जागृती स्टुडिओ उभारला. जागा स्वतःची झाली की भाडं वाचतं आणि वेळेवरही आपला ताबा राहतो.

प्रेक्षक म्हणून आपण इथे एका गोष्टीत फसतो. अंधार आणि सावल्या दिसल्या की ही सगळी शैली आहे असं आपण धरून चालतो. पुष्कळदा आधी अडचण होती. दिग्दर्शकाने तिची शैली केली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

चौथा टप्पा: माणसं जमवणं

नट तीन प्रकारचे मिळत: उतरणीला लागलेले जुने तारे, चमकण्याआधीचे नवखे, आणि आयुष्यभर छोट्या भूमिका करणारे भरवशाचे लोक. तिसऱ्या गटातल्यांना बारमन, इन्स्पेक्टर, टॅक्सीवाला अशी कामं न सांगता जमत. चेहरा पाहिला की प्रेक्षकाला पात्र कळे, ओळख करून देण्यात मिनिटं जात नसत.

मुंबईत एकच माणूस अनेक कामं करी. भगवानदादा दिग्दर्शन करत, नायक होत आणि मारामारीही स्वतःच करत. मित्रांची साथ हेही भांडवलच होतं. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांना संगीत दिग्दर्शक म्हणून स्वतंत्र संधी भगवानदादांच्या चित्रपटांतून मिळाली. १९५१ च्या ‘अलबेला’तही ही जोडी एकत्र होती. ‘अलबेला’ची धमाल सगळ्यांना आठवते, तिच्यामागे स्टंटपटांमधली दहा वर्षांहून जास्त तालीम होती.

पाचवा टप्पा: चित्रीकरण

इथे थोडा हिशेब करू. बोलपटाची ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. हजार फुटांचं एक रीळ म्हणजे सुमारे ११ मिनिटं. ६५ मिनिटांच्या चित्रपटाला पडद्यावर ५,८५० फूट लागतात, म्हणजे सहा रिळं. प्रत्येक दृश्य तीनदा घेतलं की खर्ची पडतात १७,५५० फूट. कच्ची फिल्म महाग, म्हणून छोट्या निर्मात्याचा आग्रह असे: तालीम हवी तितकी करा, कॅमेरा एकदाच फिरवा.

दुसरा नियम म्हणजे चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने करायचं नाही, जागेच्या क्रमाने करायचं. कचेरीची सगळी दृश्यं एका दिवसात, मग ती कथेत पहिली असोत की शेवटची. सकाळी प्रेमात पडलेली नायिका दुपारी त्याच माणसाच्या खुनाची कबुली देत असे. अभिनयात कुठे उडी जाणवली तर तिचं कारण पुष्कळदा हे वेळापत्रक असतं.

या काटकसरीचं सर्वोत्तम फळ पाहायचं तर जोसेफ एच. लुइस यांचा १९५० चा ‘गन क्रेझी’ घ्या. बंदुकीचं वेड असलेले दोन प्रेमिक बँका लुटत सुटतात. एका दरोड्यात कॅमेरा मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवला आहे, आणि तो शेवटपर्यंत गाडीतून उतरत नाही. गाडी गावात शिरते, दोघं जागा मिळेल का यावर बोलतात, तो उतरून आत जातो. बँकेचं आतलं काहीच आपल्याला दिसत नाही. तेवढ्यात फुटपाथवर पोलीस येतो, ती उतरून त्याच्याशी गप्पा मारू लागते. तो पैसे घेऊन धावत बाहेर येतो, ती पोलिसाला आडवा करते, गाडी सुसाट निघते. ती मागे वळून पाहते, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद असतो. हे सगळं एकाच अखंड शॉटमध्ये. बँकेचा सेट, कारकून, गर्दी सगळं वाचलं. त्याहून मोठी कमाई ही की आपण त्या गाडीत तिसरे साथीदार होऊन बसतो.

आता फ्रेझरचा खून असाच रचून पाहू. संध्याकाळ, पडदा जवळजवळ काळा. आधी फक्त टापांचा आवाज. मग झाडाच्या बुंध्याशी एक हात आणि बंदुकीची नळी. टापा जवळ येतात. हात स्थिर होतो. गोळीचा आवाज, आणि पुढच्या शॉटमध्ये मोकळ्या लगामाचा घोडा फाटकातून आत येताना. फ्रेझर कोसळताना दिसतच नाही. एक कलाकार, एक झाड, एक घोडा. सेन्सॉरचाही आक्षेप नाही.

सहावा टप्पा: उसने तुकडे आणि क्लृप्त्या

दुसऱ्या चित्रपटासाठी आधीच चित्रित झालेला तुकडा विकत घेऊन वापरणं याला ‘स्टॉक शॉट’ म्हणतात. मोनोग्रामच्या १९४५ च्या ‘डिलिंजर’मधल्या दरोड्याची दृश्यं फ्रिट्झ लांग यांच्या १९३७ च्या ‘यू ओन्ली लिव्ह वन्स’मधून उचलली आहेत. असा तुकडा ओळखायची खूण म्हणजे फिल्मचा पोत एकदम बदलतो आणि ओळखीचे चेहरे गायब होतात.

दुसरी क्लृप्ती बॅक प्रोजेक्शनची: स्टुडिओत उभ्या मोटारीच्या मागे पडदा लावून त्यावर पळता रस्ता दाखवायचा. ‘डीटूर’चा बराचसा प्रवास असा घडतो.

त्याच चित्रपटात आणखी एक गंमत आहे. नायक न्यूयॉर्कहून पश्चिमेला निघाला आहे, म्हणून तो पडद्यावर उजवीकडून डावीकडे जायला हवा. काही दृश्यांत ही दिशा उलट आली होती. पुन्हा चित्रीकरण करण्याऐवजी निगेटिव्हच उलटी छापली. परिणामी अमेरिकेतल्या मोटारी डाव्या बाजूने पळतात आणि सुकाणू उजवीकडे येतं. अमेरिकन प्रेक्षकाला हे खटकतं. आपल्या डोळ्याला मात्र तेच सवयीचं, त्यामुळे आपल्या हातून ही खूण सहज निसटते. मुद्दाम पाहा.

सातवा टप्पा: जोडणी

संकलनात, म्हणजे तुकडे जोडताना, उरलेली भोकं बुजवायची. मुख्य साधन निवेदन. नायक स्वतःच्या आवाजात गोष्ट सांगू लागला की न चित्रित झालेली दृश्यंही वाक्यात मावतात. वर्तमानपत्राचा मथळा, कॅलेंडरची उडणारी पानं, तुरुंगाच्या भिंतीवरची सावली हीसुद्धा त्याच कामाची. फ्रेझरच्या गोष्टीतली फाशी अशीच भिंतीवरच्या दोराच्या सावलीने उरकली असती आणि वजीर खानमच्या चेहऱ्यावर चित्रपट संपला असता.

निवेदन ऐकताना एक सावधगिरी हवी. सांगणारा खरं सांगतो आहेच असं नाही. ‘डीटूर’चा नायक दोन मृत्यूंना आपण जबाबदार नाही असं पटवत राहतो. पडद्यावर दिसतं ते त्याचं म्हणणं आहे, हे ध्यानात ठेवून पाहिलं तर चित्रपट वेगळाच होतो.

आठवा टप्पा: थिएटरपर्यंतची वाट

छोट्या कंपनीकडे स्वतःची थिएटरं नसत. ती एकेका प्रदेशाचे हक्क तिथल्या वितरकाला ठोक रकमेत विकून मोकळी होई. आपल्याकडेही असेच प्रदेश पडलेले आहेत. दिल्ली-यूपी हा त्यातला एक. चांदनी चौकातला भगीरथ पॅलेस हा वितरकांच्या कचेऱ्यांसाठी ओळखला जाई. तिथून प्रिंटच्या पेट्या शहरातल्या मोठ्या थिएटरांत, मग हिंदुरावपासून जवळच्या सब्जी मंडीतल्या रॉबिनसारख्या वस्तीतल्या थिएटरांत, आणि पुढे गावोगाव जात.

पेटी जितकी फिरे तितकी प्रिंट झिजे. तुटलेला भाग कापून टोकं चिकटवली जात, आणि दर वेळी काही फूट चित्रपट कमी होई. जुनी फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. तिच्यातली चांदी काढण्यासाठीही पुष्कळ चित्रपट वितळवले गेले. भारतात निघालेल्या तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी अगदी मोजके हाती उरले आहेत ते या कारणांनी. भगवानदादांचे ‘अलबेला’आधीचे बहुतेक स्टंटपटही आज पाहायला मिळत नाहीत.

नववा टप्पा: आज पाहायचे तर

१९६४ च्या आधीच्या अमेरिकन कृतीचा स्वामित्वहक्क २८ व्या वर्षी नव्याने नोंदवावा लागे. बंद पडलेल्या छोट्या कंपन्यांचे चित्रपट या नूतनीकरणाविना राहिले आणि सगळ्यांसाठी खुले झाले. म्हणून ते इंटरनेटवर फुकट सापडतात, आणि म्हणूनच त्यांच्या वाईट प्रतीही फार फिरतात.

पाहण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, लांबी. ‘डीटूर’ ६८ मिनिटांचा आहे. आपली प्रत त्याहून बरीच छोटी असेल तर तुकडे गळालेत. दुसरी, नाव. एकच चित्रपट दोन नावांनी निघे. ‘गन क्रेझी’ आधी ‘डेडली इज द फीमेल’ म्हणून झळकला होता. तिसरी, प्रत. ‘डीटूर’ची २०१८ मध्ये दुरुस्त झालेली प्रत मिळाली तर तीच पाहा, धुक्यातला तो प्रवेश खराब प्रतीत नुसता करडा डाग दिसतो.

दंतकथांपासूनही सावध राहा. ‘डीटूर’ सहा दिवसांत आणि २० हजार डॉलरांत झाला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कंपनीची कागदपत्रं पाहिली तर दिवस जास्त लागले आणि खर्च लाख डॉलरांच्या आसपास गेला. मोठ्या स्टुडिओंच्या मानाने हीसुद्धा किरकोळ रक्कमच. कर्तृत्व वाढवून सांगायची गरज नाही.

पाहण्याचा क्रम असा ठेवा: आधी ‘नोरा मोरान’, मग ‘डीटूर’, मग ‘गन क्रेझी’. त्यानंतर गोदार यांचा १९६० चा फ्रेंच ‘ब्रेथलेस’ पाहा. तो त्यांनी मोनोग्राम कंपनीलाच अर्पण केला आहे. गरिबांच्या त्या ओळीतून पुढच्या पिढीने काय उचललं ते तिथे दिसतं. शेवटी ‘दिलेर जिगर’ आणि ‘अलबेला’ पाहा, म्हणजे आपल्या माणसांनी त्याच चणचणीतून काय काढलं ते कळेल.

आणि एक काम मनापासून सांगतो. आपल्या घरात, गिरणगावातल्या खोलीत किंवा दिल्लीला आलेल्या जुन्या ट्रंकेत सिनेमाची गाण्याची पुस्तिका, जाहिरातीचं पत्रक किंवा फोटो असेल, तर रद्दीत घालू नका. हरवलेल्या स्टंटपटांची कथा, नटांची नावं, साल या गोष्टी पुष्कळदा फक्त अशा चार पानी पुस्तिकेतच उरलेल्या असतात. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हाच ठेवा सांभाळतं. त्यांच्याशी संपर्क साधा, कागद दाखवा. भगवानदादांच्या पिढीने तुटपुंज्या पैशांत जे उभं केलं, त्यातलं एखादं पान कदाचित आपल्याच घरी असेल.